अंगावरून वारं गेल्यावर: हातपाय पुन्हा कामाला लागणं कशावर ठरतं आणि घरच्यांनी काय करायचं

कोल्हापूर भागात अर्धांगवायूला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. ऐकताना वाटतं, बाहेरून काहीतरी आलं आणि हातपाय घेऊन गेलं. प्रत्यक्षात बिघाड मेंदूत होतो. दहांपैकी साधारण आठ जणांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते, बाकीच्यांत ती फुटते. हात आणि पाय शाबूत असतात, त्यांना हुकूम देणारा मेंदूतला भाग दुखावलेला असतो. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, उजवा मेंदू डावं. शेजारच्या शाबूत भागांनी ते काम हळूहळू शिकून घ्यायचं, यालाच सुधारणा म्हणायचं. मेंदू शिकतो तो स्वतः केलेल्या कामातून, आणि तेही पुन्हा पुन्हा केलेल्या. आम्ही पुढे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी ‘बरं होणं’ म्हणजे काय ते ठरवून घ्या. ‘हाताला जोर आला का?’ हा प्रश्न घरात रोज विचारला जातो, पण त्या जोराने सदऱ्याचं बटण लागतं का, हे कुणी पाहत नाही. डॉक्टर मोजमापासाठी दहा गोष्टी बघतात: जेवण, अंघोळ, दात-केस-दाढी, कपडे, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडास वापरणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं आणि जिने. दवाखान्यातून घरी आणाल त्या दिवशी या दहा गोष्टी वहीत लिहा. प्रत्येकीपुढे ‘स्वतः’, ‘मदतीने’ किंवा ‘अजिबात नाही’ यांतलं एक लिहा आणि दर महिन्याला त्याच तारखेला पुन्हा भरा. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, वहीत दिसतो. फिजिओकडे (व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे) जाताना ही वही सोबत न्या.

काय आधीच ठरून गेलेलं असतं

झटका किती मोठा होता, मेंदूत कुठे बसला, पेशंटचं वय किती, मधुमेह, हृदयविकार किंवा आधीचा झटका आहे का, आणि दवाखान्यात किती लवकर पोहोचलात, यांपैकी काहीच आता बदलत नाही. यांत सगळ्यात वजनदार घटक म्हणजे पहिल्या दिवसांतली तीव्रता. रक्तस्रावाचा झटका सुरुवातीला जास्त जीवघेणा असतो, पण त्यातून वाचलेले बरेच जण नंतर चांगली प्रगती करतात. तेव्हा पहिल्या आठवड्यात अतिदक्षता विभागाबाहेर बसून निकाल लावू नका.

काही खुणा मात्र लवकर बोलतात. नेदरलँड्समधल्या अभ्यासांत पहिल्या ७२ तासांत दोन साध्या गोष्टी तपासल्या गेल्या. पेशंट आधाराशिवाय ३० सेकंद बसू शकतो का, आणि कमजोर पाय थोडा तरी हलवतो का? दोन्ही जमणाऱ्यांपैकी ९८ टक्के लोक सहा महिन्यांनी आधाराशिवाय चालत होते. दोन्ही न जमणाऱ्यांत हे प्रमाण २७ टक्के होतं. हाताबाबत खांदा बाजूला उचलता येतो का आणि बोटं थोडी तरी उघडतात का, हे पाहिलं. दोन्ही असतील तर सहा महिन्यांनी हाताने काही तरी काम करता येण्याची शक्यता ९८ टक्के, दोन्ही नसतील तर २५ टक्के.

हे आकडे पेशंटच्या उशाशी बसून बोलायचे नाहीत. त्यांचा उपयोग आखणीला होतो. बोटं उघडत असतील तर पहिल्या तीन महिन्यांत हातावर भरपूर वेळ घालवा. बोटांत काहीच हालचाल नसेल तर आधी खांदा सांभाळा, एका हाताने कामं करायला शिकवा, आणि बोटांवर दर आठवड्याला नजर ठेवा.

सगळ्यात वेगवान सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांपर्यंत ती बऱ्यापैकी चालते, मग वेग मंदावतो. सहा महिन्यांनंतर काहीच होत नाही ही समजूत चुकीची आहे. पण पहिले तीन महिने देवदेव, पाहुणे आणि गावोगावची औषधं यांत गेले तर ते पुन्हा मिळत नाहीत.

पहिले दिवस: घाई नको, आडवंही ठेवू नका

लवकर उठवलं तर लवकर बरं, असं सरसकट नाही. २०१५ मध्ये पाच देशांतल्या २,१०४ पेशंटवरच्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच जास्त वेळ उठवून-चालवून पाहिलं, आणि त्या गटाचे निकाल नेहमीच्या पद्धतीपेक्षा कमी चांगले आले. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टर सांगतील तेवढंच. त्यानंतर थोडा थोडा वेळ, पण दिवसातून अनेकदा. एका दमात तासभर बसवण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं सहा वेळा बसवणं बरं.

अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदला. कमजोर कुशीवर झोपवताना त्या बाजूचा खांदा अंगाखाली दाबला जाऊ देऊ नका. खांद्याचं पातं हलकेच पुढे घ्या, हात पुढे लांब, तळवा वर. चांगल्या कुशीवर असताना कमजोर हात छातीसमोर दोन उशांवर खांद्याच्या उंचीला ठेवा. उताणं झोपवलं तर कमजोर खांद्याखाली आणि हाताखाली पातळ उशी. जड वाकळ पायांवर घट्ट खोचू नका, पाऊल खाली दाबलं जाऊन टाच वर खेचणारे स्नायू आखडतात. माकडहाड, टाचा आणि घोटे रोज उघडून बघा. दाबल्यावरही लाली जात नसेल तर त्या जागेवर भार बंद.

लघवीची नळी गरज संपली की काढायला सांगा. ‘सोय होते’ म्हणून ती ठेवली तर जंतुसंसर्ग होतो, आणि तापात गेलेला आठवडा म्हणजे व्यायामाविना गेलेला आठवडा. नळी काढल्यावर दिवसा दर दोन तासांनी भांडं द्या किंवा संडासला न्या, लागली असो वा नसो.

गिळणं: इथे चूक झाली तर न्यूमोनिया

तोंडाने पाण्याचा घोट देण्यापूर्वी गिळण्याची तपासणी झालीच पाहिजे. झाली नसेल तर नर्सला स्पष्ट विचारा. भेटायला आलेल्या पाहुण्याने प्रेमाने पाजलेल्या चमचाभर चहानेही ठसका लागून द्रव फुप्फुसात उतरू शकतो.

पाणी, चहा, ताक आणि वरणाचं पाणी हे पातळ पदार्थ सगळ्यात धोक्याचे, कारण ते घशात झपकन जातात आणि कमजोर घसा वेळेत बंद होत नाही. घट्ट दही, मऊ खिमट, घोटलेला वरणभात, दाट पेज त्यामानाने सुरक्षित. पातळ रस्सा आणि त्यात कडक फरसाण, अशी मिसळ या काळात पूर्ण बंद. तोंडात कट पुढे धावतो आणि फरसाण मागे राहतं, दोन्ही एकदम सांभाळणं कमजोर जिभेला जमत नाही. रश्श्यात भिजवलेली भाकरी द्यायची तर पूर्ण कुस्करून, सुटं पाणी न ठेवता.

पेशंटला पाठ सरळ ठेवून बसवा, हनुवटी किंचित खाली. लहान चमचा वापरा. एक घास गिळला, गळा वरखाली झालेला दिसला, की मगच दुसरा. जेवताना टीव्ही बंद, गप्पा बंद. घास कमजोर गालात साठून राहतो म्हणून शेवटी तोंडात बघा. जेवणानंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. खाताना खोकला, जेवल्यावर आवाज ओला-घोगरा होणं, कारण न कळणारा ताप यांतलं काही दिसलं तर तोंडाने देणं थांबवून डॉक्टरांना कळवा. सकाळ-संध्याकाळ दात आणि जीभ स्वच्छ करा, नाकातून नळी असली तरीही. तोंडातले जंतूच फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतात.

खांदा: सर्वात जास्त नुकसान घरातलेच करतात

खांद्याचा सांधा स्नायूंच्या जोरावर टांगलेला असतो. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनाने हाड खाली सरकतं आणि खांद्याच्या टोकाखाली बोट जाईल एवढी खाच लागते. अशा वेळी कुणी कमजोर हाताला धरून उठवलं किंवा काखेत हात घालून ओढलं की आतल्या शिरा आणि पडदे ताणले जातात. मग दुखणं सुरू होतं, दुखतं म्हणून हात कुणी हलवत नाही, आणि हलवला नाही म्हणून सांधा आखडतो. पुढे बोटं सुटली तरी खांद्याच्या दुखण्याने हात कामाला येत नाही.

म्हणून कमजोर हाताला धरून कधीच उठवायचं नाही. कमरेला जाड टॉवेल किंवा उपरणं घट्ट बांधा आणि मागून ते धरा. बसलेलं असताना हात मांडीवरून खाली लोंबकळू देऊ नका, समोर टेबल किंवा मांडीवर उशी घ्या. गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना-चालताना. दिवसभर घातली तर कोपर दुमडलेल्या अवस्थेतच आखडतं. हात उचलून द्यायचा असेल तर अंगठा वर, आणि खांद्याच्या पातळीपर्यंतच. त्याहून वर न्यायचा तर फिजिओकडून पद्धत शिकून.

बऱ्याच घरांत दाराला कप्पी लावून दोरीने कमजोर हात वर ओढायचा व्यायाम चालतो. तो बंद करा. पातं फिरत नसताना हात वर ओढला की सांध्यात चिमटा बसतो. आणि हात सुजला, चकचकीत-गरम झाला, बोटं दुमडताना पेशंट कळवळला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

कपड्यांचा नियमही इथेच सांगतो: घालताना कमजोर हात आधी, काढताना कमजोर हात शेवटी. समोरून उघडणारा सदरा किंवा गाऊन घ्या.

किती वेळा? इथेच फरक पडतो

उत्तर अमेरिकेतल्या पुनर्वसन केंद्रांमध्ये प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा एका सत्रात हाताच्या कामाच्या सरासरी ३२ आवृत्त्या निघाल्या, म्हणजे तेच काम इतक्या वेळा केलं गेलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसायला दिवसाला शेकडो आवृत्त्या लागतात. ब्रिटन-आयर्लंडची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं दिवसाला किमान तीन तास, आठवड्यात किमान पाच दिवस उपचार सांगतात. आपल्याकडे फिजिओ येतो पाऊण तास, तोही आठवड्यातून तीन-चारदा. उरलेले तास घरातच भरून काढावे लागतात.

पण घरच्यांनी फिजिओची जागा घ्यायची, असा अर्थ नाही. भारतातल्या १४ केंद्रांमध्ये १,२५० पेशंटवर झालेल्या २०१७ च्या चाचणीत घरच्यांना प्रशिक्षण देऊन घरीच पुनर्वसन करून पाहिलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व कमी झालेलं दिसलं नाही. आमच्या मते त्यातून घ्यायचं ते असं: व्यायाम कोणता, आज किती अवघड करायचा आणि कुठे थांबायचं हे जाणकाराने ठरवावं. घरच्यांनी तो ठरलेला व्यायाम दिवसभरात पेरावा. फिजिओ आला की रोज एकच प्रश्न विचारा, ‘तुम्ही परत येईपर्यंत काय किती वेळा करून घेऊ?’ उत्तर वहीत लिहा.

आणि एक मोठा अडथळा प्रेमाचा असतो. आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला काही करू न देणं. सून भरवते, मुलगा अंघोळ घालतो, नातू चप्पल घालतो. प्रत्येक वेळी पेशंटच्या वाट्याची एक आवृत्ती कमी होते. त्याला बटण लावायला पाच मिनिटं लागत असतील तर पाच मिनिटं शेजारी बसा. अडला तर शेवटचा थोडा भाग करून द्या, सुरुवात त्यालाच करू द्या.

*बसून उठणं.* पायांसाठी एकच व्यायाम निवडायचा झाला तर हा. संडास, पलंग, खुर्ची, एसटी, सगळीकडे हाच लागतो. खुर्ची भिंतीला टेकवा, साधारण १८ इंच उंचीची. जमत नसेल तर खाली जाड गादी घालून उंच करा. पेशंटला कडेला आणून बसवा. दोन्ही पावलं मागे घ्या, टाचा गुडघ्याच्या किंचित मागे. कमजोर पाऊल चांगल्या पावलाच्या जरा मागे ठेवा म्हणजे भार त्यावर येतो. हात एकमेकांत गुंफून पुढे वाका, नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं पाहिजे, मग उठा. बसताना धपकन नाही, तीन मोजत. तुम्ही कमजोर बाजूला उभे राहा, कमरेचं उपरणं धरून. सुरुवातीला पाच-पाच, दिवसातून चार वेळा. हळूहळू दिवसाला ५० ते १०० पर्यंत न्या. माणूस मागे पडत असेल तर बहुतेकदा पावलं पुढे राहिलेली असतात किंवा तो पुरेसा वाकलेला नसतो. सगळा भार चांगल्या पायावर जात असेल तर चांगल्या पायाखाली चार बोटं उंचीची लाकडी फळी द्या.

*हात.* मऊ चेंडू दाबायला देणं आमच्या मते बहुतेकांना उपयोगाचं नाही. मूठ आपोआपच मिटलेली असते, अडचण उघडण्याची आहे. म्हणून पकडण्यापेक्षा सोडण्याची कामं द्या. स्टीलचं फुलपात्र टेबलावर या खुणेवरून त्या खुणेवर ठेवणं, वाटीतल्या शेंगा एकेक उचलून ताटात टाकणं, पंचाची घडी घालणं, कापूस पिंजून वात वळणं, कणकेचा गोळा तळव्याने पसरणं. भाकरी थापणारीला पिठाचा गोळा द्या, धार काढणाऱ्याला रबरी नळी दाबून सोडायला द्या. जे काम हाताने आयुष्यभर केलं आहे त्यात मन लागतं आणि आवृत्त्या वाढतात. एका कामाच्या ३०-४० आवृत्त्या, दिवसात पाच-सहा कामं. सहज जमायला लागलं की फुलपात्रात पाणी घाला, अंतर वाढवा, उंची वाढवा. दहांपैकी सात-आठ वेळा जमेल एवढंच अवघड ठेवा.

मनगट २० अंश आणि बोटं १० अंश तरी उघडत असतील तर चांगल्या हाताला जाड मोजा घालून कमजोर हाताला काम करायला भाग पाडण्याची पद्धत गुणकारी आहे. ती फिजिओच्या देखरेखीत, ठरलेल्या तासांपुरती करायची. चालताना, जिन्यावर किंवा गरम वस्तूंजवळ चांगला हात कधी बांधू नका. हालचाल अगदी कमी असेल तर आरसा वापरा. तो छातीसमोर मधोमध उभा ठेवा, कमजोर हात मागे लपवा, आणि आरशात चांगल्या हाताकडे बघत दोन्ही हातांनी तीच हालचाल करायचा प्रयत्न करा, दिवसाला अर्धा तास.

हात अचानक जास्त ताठर झाला तर आधी कारण शोधा: बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, जखम, घट्ट पट्टी, दुखणारं नख. शरीरात कुठेही त्रास असला की ताठरपणा वाढतो. कारण नसतानाही ताठरपणा कामाच्या आड येत असेल तर डॉक्टर स्नायू सैल करणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन सुचवतात. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, आणि त्या तीन महिन्यांत व्यायाम केला तरच पैसे वसूल होतात.

चालणं, चप्पल आणि घराची रचना

कोल्हापुरी चप्पल इथला अभिमान आहे, पण या पेशंटसाठी ती धोक्याची. मागे पट्टा नाही, आणि अंगठ्याने धरून ठेवायचं कामच कमजोर पायाला जमत नाही. चप्पल अर्ध्यात सुटते आणि माणूस पडतो. मागून बंद, चिकटपट्टीचा, न घसरणाऱ्या तळव्याचा बूट घ्या. पाऊल लोंबत असेल तर त्याला धरून ठेवणारा स्प्लिंटही अशाच बुटात बसतो. पहिल्या आठवड्यात स्प्लिंट काढल्यावर त्वचा बघा. अर्ध्या तासानेही लाल वण गेला नाही तर तो दुरुस्त करून घ्या.

काठी चांगल्या हातात. बूट घालून सरळ उभं केल्यावर, हात सोडलेला असताना मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे. फार उंच काठीने खांदा वर चढतो, बुटकीने माणूस वाकतो. क्रम असा: काठी, कमजोर पाय, चांगला पाय. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. सुरुवात घरात, मग अंगणात, मग रंकाळ्याकाठच्या सपाट वाटेवर सकाळी लवकर. महाद्वार रोडची गर्दी बऱ्याच पुढची पायरी आहे. ‘चालायला लागायचं’ असं मोघम ठरवण्यापेक्षा ‘पंधरा दिवसांत देवघरापर्यंत काठीने’ असं ठरवा. अंबाबाईचं दर्शन किंवा जोतिबाच्या पायऱ्या हे लांबचं ध्येय म्हणून भिंतीवर लिहायला हरकत नाही.

जुन्या घरांत उंबरा, ओली न्हाणी आणि बाहेरचा संडास, अशी पडण्याची तीन ठिकाणं असतात. उंबऱ्याच्या दोन्ही अंगांना लाकडी उतार करून घ्या किंवा त्यावर ठळक पिवळी पट्टी लावा. न्हाणीत चार भक्कम पायांची खुर्ची, खाली रबरी जाळी, भिंतीत कमरेच्या उंचीला लोखंडी दांडी. नळाची तोटी किंवा टॉवेलची दांडी आधार म्हणून धरू देऊ नका, ती निखळते. उकिडवं बसणं पहिले काही महिने जमत नाही, सर्जिकलच्या दुकानात कमोड खुर्ची मिळते. रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा चालू ठेवा.

एक बाजू ‘विसरणं’ आणि बोलणं जाणं

डावं अंग गेलेल्या काही पेशंटना डावी बाजू जगातूनच नाहीशी होते. ताटातलं उजवं अर्धं जेवण संपतं, डावं तसंच राहतं. अर्धीच दाढी होते, डावा खांदा चौकटीला आपटतो. डोळे ठीक असतात, लक्ष त्या बाजूला जात नाही. घरचे म्हणतात, ‘मुद्दाम करतोय.’ मुद्दाम काहीच नसतं. अशा पेशंटला आपली अडचण स्वतःला जाणवत नाही, म्हणून तो एकटा उठायला जातो आणि पडतो. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ मारा आणि प्रत्येक ओळ तिथून वाचायला लावा. डाव्या बाजूने बोला, पण बोलण्यापूर्वी हाक मारून मान वळवायला वेळ द्या. जेवताना मध्येच ताट फिरवून देऊ नका, ‘डावीकडे बघा’ म्हणा.

उजवं अंग गेलेल्यांमध्ये बोलणं जाण्याचं प्रमाण जास्त. शब्द आठवत नाहीत म्हणजे बुद्धी गेली असं नाही. आरती किंवा हरिपाठ घडाघडा म्हणणाऱ्याला पाणी मागता येत नाही असंही होतं, कारण पाठ असलेलं बोलणं मेंदू वेगळ्या वाटेने आणतो. तिथूनच सुरुवात करता येते: एक ते दहा अंक, वार, महिने, आरतीची अर्धी ओळ तुम्ही म्हणा, अर्धी त्यांनी. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला आणि दहा सेकंद थांबा. हो-नाहीत उत्तर येईल असं विचारा. वस्तू दाखवा. शब्द तोंडातून काढून घेऊ नका, आणि लहान मुलाशी बोलल्यासारखं तर कधीच बोलू नका. वाचाउपचार तज्ज्ञाकडे पहिल्या महिन्यातच न्या.

मन आणि थकवा

साधारण तिघांपैकी एकाला झटक्यानंतर नैराश्य येतं. तालमीत घुमलेला, सगळ्या गल्लीचा आधार असलेला माणूस अंथरुणावर पडला की घरचे त्याला धीर देतात, पण दोन आठवडे तो व्यायाम टाळतोय, जेवत नाही, रात्री जागा राहतो, हे ‘साहजिकच आहे’ म्हणून सोडून देतात. त्यावर औषध आणि समुपदेशन आहे. उपचार घेतला की व्यायामही पुढे सरकतो. कारण नसताना रडू किंवा हसू फुटणं हा वेगळा प्रकार, मेंदूच्या जखमेचा परिणाम. तेव्हा समजावत बसू नका, विषय बदला, आणि डॉक्टरांना सांगा. थकवा खरा असतो. जड व्यायाम सकाळी ठेवा, भेटायला येणाऱ्यांना संध्याकाळची ठरावीक वेळ द्या.

तेल, कबुतर, औषधं

हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. जोराची मालिश, मळणं आणि शेकणं मात्र नको. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही, आणि लुळा सांधा ओढला तर उखडतो. कबुतराचं रक्त चोळण्याने मेंदूला काही होत नाही. गावोगाव मिळणाऱ्या मुळ्या-पुड्यांसाठी रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी थांबवली तर दुसरा झटका येऊ शकतो, आणि पहिल्या झटक्यातून कमावलेलं सगळं तो घेऊन जातो.

आधुनिक औषधांतही डोळे उघडे ठेवा. सिटिकोलिन हे ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून सर्रास दिलं जातं. २०१२ मध्ये २,२९८ पेशंटवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. नैराश्याचं औषध फ्लुओक्सेटिन हातपाय सुधारण्यासाठी म्हणून सगळ्यांना देऊन पाहिलं, त्यातही फायदा नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. नैराश्यासाठी ते दिलं असेल तर गोष्ट वेगळी. कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका, पण ‘हे कशासाठी?’ असं विचारा. हाताशी पैसे मोजकेच असतील तर ते फिजिओच्या जादा भेटींवर घालवावेत, असं आमचं ठाम मत आहे.

रक्तदाब घरी मोजा: पाच मिनिटं शांत बसल्यावर, चांगल्या हातावर. कमजोर हातावर आकडा चुकू शकतो. बहुतेकांना तो १३०/८० च्या खाली हवा असतो, नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्या. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, सगळ्या पदार्थांत मिळून. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण आणि विकतच्या मसाल्यातलं मीठही यात मोजायचं. तंबाखू बंद म्हणताना बायकांच्या मिश्रीचा उल्लेख दवाखान्यात होत नाही, कारण कुणी विचारत नाही. मिश्रीही तंबाखूच आहे.

इथल्या सोयी

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते त्या-त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती असतानाच विचारा, घरी आल्यावर नाही. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयातून घरी सोडताना फिजिओथेरपीची पुढची तारीख कागदावर लिहून घ्या. चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या लोकांनी शक्य असेल तर पहिले सहा-आठ आठवडे शहरातल्या नातेवाइकांकडे राहावं. ते जमत नसेल तर पंधरा दिवसांनी एकदा येऊन नवीन व्यायाम शिकून जावेत आणि मोबाइलवर चित्रीकरण करून न्यावं. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर प्रमाणपत्रावर सवलती मिळतात. त्यासाठी दवाखान्यातलं प्रत्येक कार्ड आणि स्कॅन जपून ठेवा. शिरोळ, करवीरच्या नदीकाठच्या गावांनी जुलै लागताच महिनाभराच्या गोळ्या भरून ठेवाव्यात. २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता.

ताबडतोब दवाखाना

पिंढरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, आकडी येणं, तापात गुंगी येणं यांपैकी काहीही झालं तर थांबू नका. आकडीत पेशंटला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. चेहरा पुन्हा वाकडा झाला, दुसरा हात-पाय गळाला, बोलणं बोबडं झालं, तोल गेला किंवा एकदम दिसेनासं झालं, तर १०८ ला फोन करा आणि पेशंट शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवणारं औषध बहुतेकांना त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि दवाखान्याच्या दारात पहिला प्रश्न तोच असतो.